मास्तरांनी उसवलेला कोट

आमच्या मास्तर बाई होत्या. हे वाक्य ऐकलं की माणूस थांबतो आणि विचारतो, "म्हणजे शाळेतल्या?" शाळेतल्या नव्हेत. कपडे शिवणाऱ्यालाही आपल्या भाषेत मास्तरच म्हणतात, आणि हा शब्द घडवताना भाषेने बाईमाणसाचा विचार केलेला दिसत नाही. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं ते "मास्तर आहेत का?" असं विचारतच. नवरा होता तोवर त्या आत हाक मारायच्या. तो गेल्यावर पंधरवड्याने दुकान उघडलं, तर पहिल्याच माणसाने दारातून तेच विचारलं. त्यांनी खुंटीवरची टेप काढून गळ्यात घातली आणि म्हणाल्या, "बोला. कुणाचं माप घ्यायचंय?" त्या दिवसापासून त्या मास्तर झाल्या. मास्तर आल्या, मास्तर चिडल्या, मास्तरांचा चहा गार झाला. व्याकरणाचं काय व्हायचं ते होवो.

आज मी चार मुलांना गाणं शिकवून पोट भरतो आणि जमेल तसं गातो, ते या बाईंमुळे. हे आधीच सांगून टाकतो. उपकार शेवटी सांगू म्हणून ठेवले की सांगायचे राहून जातात.

बावीस वर्षं मास्तरांनी शाळेचे गणवेश शिवले. मग तयार गणवेशांचे गठ्ठे बाजारात आले आणि दुकानात नुसती चेन बदलण्याची आणि बटणं लावण्याची कामं उरली. लेकीचं लग्न झालेलं होतं, घरात एकटं बसून करायचं काय, म्हणून त्यांनी एका टीव्ही वाहिनीच्या स्टुडिओत कपडेपटाचं काम धरलं. तिथे माझी आणि त्यांची गाठ पडली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि छोट्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत निवडला गेलो होतो.

कपडेपट म्हणजे जिन्याखालची एक लांबुडकी खोली. खिडकी नाही. एका भिंतीला कपड्यांचा दांडा, दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचं टेबल आणि मधे मास्तरांचं मशीन. मशीनच्या पायाशी चहाचा कप, तो कायम गार. मास्तर तोंडात टाचण्या धरून बोलायच्या, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य ओठांच्या एका कोपऱ्यातून यायचं आणि कोणालाही वाटावं, या आपल्यावर रागावल्यात. बऱ्याचदा त्या खरोखरच रागावलेल्या असायच्या.

"हात वर. श्वास सोड. पोट आत घेऊ नकोस रे, मी काय तुला सैन्यात भरती करतेय?"

दर मंगळवारी असं माप व्हायचं. माप घेताना त्या आकडा मोठ्याने म्हणायच्या आणि जुन्या वहीत लिहायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कोटाची शिवण उलटी करून दाखवली. आत दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

"याला काय म्हणतात माहितेय? माया. पोरांच्या कपड्यात माया ठेवायची असते. पोरं कोणाला विचारून वाढत नाहीत."

मी हसलो. मला वाटलं, त्या गंमत करतायत. पण शिवणकामात तो शब्द खरंच आहे, आणि मास्तर तो बटण म्हणावं तितक्या कोरडेपणाने म्हणायच्या.

आता त्या स्पर्धेबद्दल सांगायला हवं. मला तिथे सगळे 'छोटू' म्हणायचे. कार्यक्रम चालवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच बैठकीत बाबांना सांगितलं होतं, "याचं वय आपण अकरा दाखवू. अकरा पडद्यावर बरं दिसतं." बाबांनी अर्जावर बाराच लिहिलं होतं. पण बाबा शाळेची बस चालवणारे साधे गृहस्थ. एवढ्या मोठ्या काचेच्या इमारतीत बसलेल्या बाईंना आकडे आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असं त्यांना वाटलं. मी पडद्यावर अकराचा झालो.

मग मला लहान ठेवण्याचा उद्योग सुरू झाला. माइकचा दांडा माझ्यासाठी मुद्दाम चार बोटं उंच ठेवायचे. मान वर करून गावं लागायचं, गळा ताणला जायचा, पण कॅमेऱ्यात 'एवढंसं पोर' दिसायचं. निवेदक सहा फुटी होता. तो दर वेळी येऊन माझा गाल ओढायचा, इतका की रंगभूषा करणारी बाई त्या गालासाठी पावडरचा वेगळा डबा ठेवायची. तीन परीक्षकांपैकी एक बाई माझं गाणं सुरू झालं की पहिल्या ओळीलाच रुमाल काढायच्या. दुसरे हात जोडायचे. तिसरे विचारायचे, "काय रे लबाडा, वर्गात कोणी आवडते का?" आणि सगळा स्टुडिओ खिदळायचा. माझ्यासोबतच्या मुलीने प्रेमाचं गाणं निवडलं तर "बाळ, वयाला शोभेल असं गा" म्हणून तिला समज मिळायची. मी तेच गायलो की शिट्ट्या.

मधे चार दिवस गावी शाळेत गेलो की उलटा प्रकार. तिथे मुलं मला 'ताई' म्हणायची. मुलीसारखा आवाज काढतो म्हणून मधल्या सुट्टीत कोणी ओढणी घेऊन मागे लागायचं. म्हणजे टीव्हीवर माझा आवाज देवाचा आणि शाळेत मुलीचा. माझा तो कुठेच नव्हता. आणि एका वर्षात एकाही माणसाने मला गाणं कसं झालं ते सांगितलं नाही. सगळे म्हणायचे, "एवढासा आहे बघा!" लोक गाणं ऐकायला येत नव्हते, एवढ्याशा माणसातून एवढा आवाज निघतो हे बघायला येत होते.

मला मात्र ते सगळं आवडायचं, हे कबूल करतो. कोणाला नाही आवडणार?

या उद्योगात मास्तरांचाही हात होता. त्यांनी ठेवलं तितकं लहान मला दुसरं कोणीच ठेवू शकलं नसतं. त्या माझ्या कोटाचे खांदे अर्धा इंच बाहेर पाडायच्या, म्हणजे आतला मुलगा किरकोळ दिसतो. कॉलर रुंद, बटणं मोठी, विजार गुडघ्याच्या वर. मॅडम खूश. "मास्तर, तुमच्या हातात जादू आहे," म्हणायच्या. मास्तर तोंडातल्या टाचण्यांमधून "हूं" करायच्या.

स्पर्धा लोकांना आवडली म्हणून लांबत गेली, आणि मधे माझा वाढदिवस आला. मी तेरा वर्षांचा झालो. सेटवर तीन मजली केक आला आणि त्यावर मेणबत्त्यांचा आकडा होता अकरा. मी वर्षभर अकराचा होतोच, आता लोकांसमोर रीतसर अकरा पूर्ण केली. रुमालवाल्या बाई रडल्या. सहा फुटी निवेदकाने मला उचलून घेतलं आणि उचलताना त्याच्या तोंडून हलकेच "हुप्प" असं निघालं, ते नंतर कापून टाकलं.

कपडे बदलायला खाली गेलो तर मास्तरांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, "माणूस आयुष्यात एकदाच अकराचा होतो बाळा. तू भाग्यवान, दुसऱ्यांदा झालास."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी टेप माझ्या गळ्याभोवती घातली, आत एक बोट सरकवलं, आकडा बघितला आणि पहिल्यांदाच तो मोठ्याने न म्हणता वहीत लिहिला.

मला ठाऊक होतं त्यांनी काय लिहिलं असणार. तीन आठवडे माझ्या आवाजात काहीतरी होत होतं. सकाळी उठल्यावर घशातून भलताच आवाज यायचा, जाडसर, कुणा दुसऱ्याचा. अंघोळीनंतर तो जायचा. मग दुपारीही येऊ लागला. गाताना वरच्या सुरावर पोचलं की मधेच पायरी नसल्यासारखं व्हायचं. मी कोणाला बोललो नाही. तालमीत सर्दीचं निमित्त काढायचो.

भीती स्पर्धेची नव्हती. भीती बाबांची होती, आणि बाबा मला कधी ओरडलेही नव्हते. त्यांनी माझ्यासाठी बस सोडून वर्षभर माझ्यासोबत राहायचं ठरवलं होतं. आई धाकट्या बहिणीला घेऊन घरी. स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये बाबांना सगळे 'छोटूचे बाबा' म्हणून ओळखायचे आणि लोक उठून जागा द्यायचे. आयुष्यभर ज्या माणसाला फक्त मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले, त्याला लोक उठून जागा देत होते. त्यांचा चेहरा मी तिथे जसा पाहिला, तसा आधी कधी पाहिला नव्हता. माझा आवाज गेला तर तो चेहराही जाणार, एवढंच मला कळत होतं. मग मी त्यांचा कोण?

अंतिम फेरी टीव्हीवर दिसायला आठ दिवस असताना तालमीत ते झालंच. वाद्यवृंद सुरू, मी दुसऱ्या कडव्याच्या वरच्या ओळीवर गेलो आणि आवाज फाटला. नुसता फाटला नाही, रेडकू ओरडावं तसा निघाला. वादकांमधलं कोणीतरी फिसकन हसलं. मी पुन्हा घेतला, पुन्हा तेच.

संगीताचे सर चांगले होते, पण घाईत होते. ते म्हणाले, "गरम पाणी पाजा रे कोणी याला. ओढून घे रे, जोर लाव, निघेल."

"सर, जरा खालून गायलो तर?" मी विचारलं.

"पट्टी बदलता येणार नाही. लोकांना छोटूचा तो वरचा आवाजच हवाय."

मास्तर नेमक्या त्याच वेळी माझ्या बाहीचं टोक बघायला आल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अहो, न बदलायला काय झालं? मी बदलते पट्टी, दहा मिनिटांचं काम आहे. बटणं काढून ठेवते."

अख्खा वाद्यवृंद हसत सुटला. गाण्याची पट्टी म्हणजे आवाज किती वरून लावायचा ते, हे मास्तरांना माहीतच नव्हतं. त्यांच्या जगात पट्टी म्हणजे बटणपट्टी. मीही हसलो, हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते थांबेना. मास्तर मात्र खजील झाल्या नाहीत. त्यांनी सरांना विचारलं, "मग तुमची पट्टी कशाची असते? लोखंडाची?"

मॅडम काचेमागून हे सगळं बघत होत्या. त्या खाली आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाबांना बाजूला घेतलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"बघा, घाबरू नका. उलट हे फार छान आहे. उद्या आपण याच पट्टीत, याच ओळीवर शूट करू. आवाज फुटला तर फुटू दे. रडला तर रडू दे. छोटूचा शेवटचा सूर! अख्खं जग रडेल हो. मतं बघा कशी येतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मग म्हणाले, "करेल तो."

हे मॅडमना आनंदाने सांगितलं की नाइलाजाने, ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी मला ते फक्त एकाच अर्थाने ऐकू आलं.

मास्तरांनी माझी बाही सोडली आणि जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शूट. माझा पांढरा कोट तयार होता. त्याच कोटात आदल्या दिवशी मी मंचावर चालत येतो तो भाग चित्रित झाला होता, त्यामुळे गाणंही त्याच कोटात व्हायला हवं. टीव्हीवाले याला कंटिन्युइटी म्हणतात आणि तिला आईबापांपेक्षा जास्त मानतात. मी कपडेपटात गेलो, तर इस्त्रीच्या टेबलावर कोट नव्हता. कोटाचे तुकडे होते. दोन बाह्या, दोन पुढचे पल्ले, पाठ, कॉलर, अस्तर, सगळं एकाखाली एक नीट घडी करून ठेवलेलं. मास्तर शेवटच्या शिवणीतले दोऱ्याचे कण चिमटीने काढत होत्या.

सहायक धावत आला. "मास्तर, कोट?"

"शिवण बरोबर नव्हती."

"अहो पण काल तर..."

"काल चष्मा नव्हता." चष्मा दोरीने गळ्यात लोंबत होता.

मग मॅडम आल्या. त्या जे बोलल्या ते लिहीत नाही. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "परत जोडायला संध्याकाळ होईल. अस्तराचं काम आहे. घाई केली तर खांद्यात चुणी पडेल आणि चुणी कॅमेऱ्यात दिसते. तुम्हीच म्हणता ना?" वाहिनीत दुसरा कोणी शिवणारा नव्हता. मॅडमनी आधी बाकीच्या मुलांची गाणी लावली आणि माझं संध्याकाळवर ढकललं.

सगळे गेल्यावर मास्तर मला म्हणाल्या, "बाबांना बोलाव. म्हणावं, पल्ला धरायला माणूस हवाय."

बाबा आले. मास्तरांनी खरंच त्यांच्या हातात पल्ला दिला. बिचारे दोन्ही हातांनी तो छातीशी धरून उभे राहिले.

"दादा, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. काल तुम्ही बघितलंच. पण मला मुलगे कळतात. बावीस वर्षं मी हजारभर पोरांच्या विजारी लांब केल्यात." त्यांनी वही उघडून मशीनवर ठेवली. "मुलगा आधी विजारीत वाढतो, मग खांद्यात, मग गळ्यात. गळ्यात वाढला की आवाज जायचाच. हे बघा. हा पहिला मंगळवार. हा गेला मंगळवार." मग टेप काढून त्यांनी माझ्या गळ्याला लावली. "तेरा. गळा तेरा, आणि पोरगाही तेराचा. अकराचा नाही हो, तेराचा. आणि याला लहान मी ठेवलाय, माझ्या या हातांनी. दर आठवड्याला कापड कापून. मला वाटायचं, मी कपडे शिवतेय."

एवढं बोलून त्यांचा आवाज बसला. मास्तरांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

बाबा हळूच म्हणाले, "पण त्याचा आवाज फुटतोय, मास्तर. आता परत तो कधी..."

"फुटतोय म्हणजे काय? मडकं फुटलंय का? पालवी फुटते, कोंब फुटतो, लेकराला दात फुटतात, तेव्हा तुम्ही रडत बसता? पोपटाला कंठ फुटला तर पेढे वाटाल!" त्या टाचण्यांची डबी आपटून म्हणाल्या. "आत्ता कुठे याचा स्वतःचा आवाज येतोय. आणि त्याच जागी तुम्ही जोर लावायला सांगताय. कापड ताणून शिवलं तर फाटतं, दादा. मग ते कोणी शिवून देत नाही. मीसुद्धा नाही."

बाबा पल्ला धरून तसेच कपड्यांच्या ढिगावर बसले. वरून दुसऱ्या मुलाचं गाणं ऐकू येत होतं. मग त्यांनी मला विचारलं, आणि असं विचारलं की जणू आम्ही दोघंच बसच्या थांब्यावर उभे आहोत, "घरी जायचं का रे?"

मी "हो" म्हणालो. तो "हो" माझ्या जाड आवाजात निघाला. बाबा दचकले, मग हसले, आणि त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांचा कॅन्टीनमधला चेहरा तेव्हा नव्हता. हा वेगळा होता, आणि तो मला जास्त ओळखीचा वाटला.

कार्यक्रमात सांगितलं गेलं की छोटू तब्येतीच्या कारणाने स्पर्धा सोडतोय. रुमालवाल्या बाईंनी रुमाल काढला. शेवटी दुसराच मुलगा जिंकला, चांगला गायचा. मास्तरांना महिनाअखेर 'आता गरज नाही' म्हणून सांगण्यात आलं. हे मला रंगभूषा करणाऱ्या बाईंकडून कळलं. मास्तरांनी आम्हाला कधीच कळवलं नाही.

मग जवळजवळ दीड वर्ष मी गायलो नाही. बाबा पुन्हा बस चालवू लागले. त्यांनी मला एकदाही "गाऊन बघ" म्हटलं नाही, आणि कोणी पाहुण्याने फर्माईश केली की "त्याचं गाणं वाढतंय अजून" एवढं बोलून विषय बदलायचे. याबद्दल त्यांचे उपकार वेगळे लिहावे लागतील. माझा आवाज मधल्या काळात कधी खाली जायचा, कधी वर, कधी एका वाक्यात दोन्हीकडे. शाळेतल्या मुलांनी 'ताई'वरून मला 'काका' केलं. मी मास्तरांना फोन करायचं म्हणायचो आणि करत नव्हतो. काय सांगणार? अजून काही तयारच नव्हतं. आणि त्यांची नोकरी आपल्यामुळे गेली ही लाज होतीच.

पंधराव्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी पुन्हा गायलो. बऱ्याच खालून, सरळ उभा राहून, माइक ओठांसमोर ठेवून. कोणी शिट्टी मारली नाही, कोणी रडलं नाही. कार्यक्रम संपल्यावर गाण्याच्या बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत श्वास चुकीच्या जागी घेतलास." मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पायाच पडणार होतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या गाण्याबद्दल बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन लावला. पलीकडे मशीनची खडखड चालू होती, म्हणजे आता त्या घरीच शिवत होत्या.

"मास्तर, मी बोलतोय."

"अगं बाई, दादा! किती दिवसांनी!" त्या ओरडल्या. त्यांना वाटलं, बाबाच बोलतायत. माझा आवाज बाबांसारखा झालाय हे घरात कोणी मला सांगितलंच नव्हतं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, "आधी सांगा, पोरगा कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणालो.

"गातो का हो?" मशीन मंदावलं. "मी मुद्दाम फोन केला नाही. धीरच झाला नाही. कधी कधी वाटतं दादा, मी चुकले का? मला काय कळतंय त्यातलं! पोरगं शेवटपर्यंत गेलं असतं, जिंकलंही असतं. मी अडाणी बाई मधे कात्री घेऊन उभी राहिले. नोकरीचं काही नाही हो, नोकऱ्या मिळतात. पण त्या लेकराचा आवाज परत आला नसला तर... खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मास्तर," मी म्हणालो, "मी बाबा नाही. मी आहे."

मशीन थांबलं.

"खोटं बोलतोस."

"खरंच. मीच आहे."

"परत बोल."

"काय बोलू? गाऊ का मास्तर? काल मी शाळेत..."

"गाणं राहू दे रे! गाणं काय, टीव्हीवर कोणीही गातं." त्यांनी नाक ओढलं. "तू नुसता बोल. काहीही बोल. मी ऐकतेय."

मग मी बोलत राहिलो. आईला नवा चष्मा लागलाय, धाकटी माझ्याशी भांडून आजीकडे जाऊन बसलीये, बाबांची बस आता नव्या रस्त्याने जाते, गणिताची परीक्षा सोमवारी आहे आणि माझा अजून काहीच अभ्यास झालेला नाही.